पिवळा धूर

"धूर खोटं बोलत न्हाय."

हे बिभीषणचं वाक्य. कुणाच्या बारशाला गेला तरी आणि कुणाच्या मातीला गेला तरी ते त्याच्या तोंडून एकदा निघायचंच. माणूस खोटं बोलतो, घड्याळ खोटं बोलतं, आभाळ तर आमच्या भागात बोलतंच बोलतं; पण धूर नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकून ऐकून वस्तीवरची माणसं कंटाळली होती. त्यानं तोंड उघडलं की अण्णाराव आधीच म्हणायचे, "व्हय बाबा, धूर खोटं बोलत न्हाय. पुढचं बोल."

वस्ती मंद्रूपच्या पुढं, ओढ्याच्या पलीकडं. मोजकी घरं, मधे चिंचेचं एक झाड, आणि चहूकडं काळी रानं. बिभीषणच्या बापाची मेंढरं होती. पोरवयात ती राखताना बिभीषण माळावरच्या दगडावर बसायचा आणि दिवस कलला की खालच्या घरांचे धूर वाचायचा. निळसर, सुतासारखा सरळ वर जाणारा धूर तुराट्यांचा. गोवऱ्यांचा धूर करडा आणि आळशी, छपरावरच बसून राहणारा. पांढरा, ओलसर, वाफेसारखा विरून जाणारा धूर दिसला की त्या घरात ओलं जळण आहे आणि चुलीपुढं कुणीतरी डोळे पुसत बसलंय, हे त्याला लांबून कळायचं. बाप विचारायचा, "कुणाच्या घरी काय पेटलंय रं?" आणि पोरगं न चुकता सांगायचं. त्या पोराला जगात एवढी एकच गोष्ट पक्की येत होती, आणि तिचा अभिमान त्यानं जन्मभर बाळगला.

पुढं मेंढरं गेली. तो सोलापुरात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात राहिला, हात काळे केले, आणि लग्नानंतर वस्तीवर परतला. पंप, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, जे बिघडेल ते तो उघडायचा आणि पुन्हा चालतं करायचा. वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला एकदा सांगितलं होतं, की मोठ्या लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी कोळशाच्या वायूवर पळायच्या. ती गोष्ट त्याच्या डोक्यात बाभळीच्या काट्यासारखी रुतून बसली. वस्तीवरची लाईट म्हणजे लहरी पाहुणा. बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन मंद्रूपला जायच्या, लाईट गेली की गिरणीच्या पायरीवर बसायच्या आणि कधी तसंच ज्वारी घेऊन परत यायच्या. आणि इकडं ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली. बिभीषणनं ठरवलं, बाभळीवर गिरणी चालवायची.

लोक हसले. कमलम्मा सगळ्यांत जास्त हसली. ती शेजारीण, मैंदर्गीहून लग्न होऊन आलेली, अर्धी कानडीत बोलणारी. "बाभळीवर भूत चालतंय एवडं ठावं हाय मला. जातं कसं चालंल की?"

चालतं कसं, ते बिभीषण ज्याला त्याला समजावून सांगायचा. लाकूड पुरतं जळू द्यायचं नाही. टाकीत कोंडायचं, हवा बेतानं द्यायची, धुमसवायचं. मग तो धूर लालभडक निखाऱ्यांच्या गळ्यातून खाली ओढायचा. धुरात डांबरासारखा चीक असतो, तो निखारे खाऊन टाकतात. खाली येतो तो निव्वळ वायू. तो गार करायचा, भुशातून गाळायचा आणि इंजिनाला पाजायचा. सगळी करामत त्या गळ्याची. गळा अरुंद असला की निखारा दाटून राहतो, चीक जळतो. गळा रुंद झाला की मधला भाग गारठतो आणि धूर तसाच, न जळता, खाली उतरतो.

"आनि तो वायू दिसत न्हाय, त्याला वास न्हाय," तो बजावून सांगायचा. "कोंडलेल्या खोलीत मानूस झोपल्यासारखा जातुय. म्हनून हे सगळं उघड्यावर." म्हणून त्यानं चार खांबांवर नुसता पत्रा टाकला, भिंत एकही घातली नाही.

तेलाचं बॅरल, भंगारातून आणलेलं जुन्या व्हॅनचं इंजिन, लोहाराचा हातानं फिरवायचा पंखा. टाकीत हवा सोडायला चुलीच्या लोखंडी फुंकण्या कापून बसवल्या. घरोघरी गॅस आल्यापासून फुंकण्या कोपऱ्यात गंजत होत्या. पहिली फुंकणी त्याच्या बायकोनं, विजयमालानं, आपण होऊन दिली. सासूची होती ती.

विजयमाला बोलायला कमी. पण त्या यंत्रात तिचे हात त्याच्याइतकेच होते. बाभूळ तोडून तो आणायचा. तिचे अंगठ्याएवढे तुकडे करायची ती, ओट्यावर पाय पसरून, कोयत्यानं. काटे बोटात मोडायचे. तो भुशाची गाळणी भरायचा तेव्हा ती बॅरल तिरपं धरून उभी राहायची. वायूच्या नळीच्या तोंडाशी जळती चिंधी धरल्यावर जेव्हा पहिल्यांदा निळी ज्योत उभी राहिली, तेव्हा दोघंच होते. तो म्हणाला, "बघितलंस?" ती म्हणाली, "दिवाळीतल्या भुईनळ्यापरीस चांगलं हाय." आणि हसली. ते हसू पुढं फार दिवस त्याच्या डोळ्यांसमोर राहिलं, आणि डोळ्यांत खुपत राहिलं.

ज्योत निघाली, पण इंजिन टिकून चालेना. लांबट तुकडे गळ्यावर आडवे अडकायचे, निखारा खाली पडायचा नाही, वायू तुटायचा आणि इंजिन आचके देऊन बंद पडायचं. इलाज सोपा होता आणि वेळखाऊ. तुकडे आणखी बारीक करायचे.

"मी करते की," विजयमाला म्हणाली. "येळवस झाल्यावर दावू लोकांना. घाई कशाची?"

घाई होती, कारण त्यानं सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडं घरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. बिभीषणचं रान घरालगत. जेवणं झाली की गिरणी चालू करणार, असं तो मंद्रूपच्या बाजारात सांगून आला होता. आता मागं कसं सरायचं?

मग विजयमाला पाण्याला गेलेली असताना त्यानं गळ्याची चकती काढली. जाड लोखंडाची थाळी, मधे भोक. त्यानं ग्राइंडर लावून ते भोक चारी बाजूंनी वाढवलं. ठिणग्या अंगणभर उडाल्या. तुकडे आता अडकणार नाहीत, बाकीचं बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बाकीचं काय ते त्याला चांगलं माहीत होतं. चकती जागेवर बसवून, हात धुऊन, ती यायच्या आत तो ओट्यावर बसला.

विजयमालानं तिचं एक काम वेगळं करून ठेवलं होतं. त्यांच्या घरची रीत होती, की नव्या चुलीच्या पहिल्या जाळाचं लाकूड धुऊन, हळद लावून घ्यायचं. तिनं येळवसेच्या पुष्कळ आधीच एक पाटी तुकडे धुतले आणि पत्र्यावर वाळत घातले. थंडीतलं कोरडं ऊन. तुकडे हाडासारखे वाळले. येळवसेच्या सकाळी तिनं पाटी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक तुकडा उचलून मोडला. कडकन आवाज झाला.

"वाळलंय," तो म्हणाला.

हे तो स्वतः म्हणाला होता. नंतर जे घडलं त्यात हा एक शब्द त्याला रात्रंदिवस टोचत राहिला.

जेवणं झाली. आंबिल पिऊन सुस्तावलेली माणसं पत्र्याभोवती उभी राहिली. वस्तीची होती, वळसंगकडचे पाहुणे होते, बायका एका बाजूला पदर सावरून. यंत्राला हार घातला होता. अण्णाराव, जे पूर्वी ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि आता गावाच्या तोंडाला कुलूप-किल्ली तेच, पुढं खुर्ची टाकून बसले होते. विजयमालानं हळद लावलेले तुकडे टाकीत घातले. बिभीषणनं पेटवलं, पंखा फिरवू लागला.

धूर आला. पिवळा. जड, मोहरीच्या तेलासारखा, डोळ्यांत जाळ ओतणारा. नळीच्या तोंडाशी चिंधी धरली, ज्योत धरेना. त्यानं तसंच इंजिनाला वायू दिला. इंजिन दोनदा खोकलं आणि मुकं झालं. नळीच्या सांध्यातून काळा चीक ओघळून हाराच्या झेंडूवर थेंब थेंब पडू लागला.

माणसं खोकत मागं सरली. आणि मग हसू फुटलं.

"बिभ्या, गिरणी हाय का डांबराची भट्टी रं?" अण्णाराव म्हणाले. "रस्ता तरी करून घेऊ!"

"धूर काय म्हनतुय, इचारा की त्याला," मागून कुणीतरी ओरडलं.

बिभीषणनं धुराकडं पाहिलं. ओल्या लाकडाचा धूर पांढरा असतो, वाफेसारखा विरतो. हा विरत नव्हता. मेंढरं राखणाऱ्या पोरालासुद्धा हे कळलं असतं. त्याला पहिल्या झुळकीतच कळलं होतं. पण एवढी तोंडं त्याच्याकडं बघत होती, आणि जिभेला सगळ्यांत जवळ जे सापडलं ते त्यानं उचललं.

"लाकूड वलं हाय!" तो विजयमालावर ओरडला. "धुवून ठिवलीस न्हवं! यंत्र हाय का चूल हाय ही? हळद लावती! सगळ्या कामाचा इस्कोट केलास, अडानी कुटली!"

हसू थांबलं नाही, फक्त त्याचं तोंड वळलं. आता ते तिच्याकडं होतं. विजयमालाच्या बोटांना हळद लागलेली होती. तिनं ती बोटं पदरात घेतली. त्याच्याकडं एकदा पाहिलं. कोपीत जाऊन तिनं उरलेली भज्जी झाकून ठेवली.

त्या दिवसापासून वस्तीला एक खेळणं सापडलं. एसटी उशिरा आली, "विजयमालानं हात लावला आसंल." कुणाची मोटर पेटेना, "लाकूड वलं दिसतंय." मंद्रूपच्या बाजारात भाजीवाली तिला म्हणाली, "मेथी धुवून देऊ का वहिनी, का तुमीच धुताय?" विजयमाला हसण्यावारी नेत होती, की नेल्यासारखं दाखवत होती, ते बिभीषणला कळेना. तिच्या चेहऱ्याला धूर नव्हता, नाहीतर त्यानं वाचला असता.

तिनं भांडण केलं नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर. फक्त ती परत यंत्राकडं फिरकली नाही. कोयता ओट्याच्या कोपऱ्यात उभा राहिला.

बिभीषणनं लोहाराकडून नवी चकती करवून आणली. पहिल्यासारखं अरुंद भोक. तुकडे स्वतः बारीक केले. तेव्हा त्याला समजलं त्या कामात बोटांचं काय होतं. इंजिन उघडून चीक खरवडला, झडपा रॉकेलनं धुतल्या. जुनी रुंद चकती पोत्याखाली सरकवून ठेवली. आणि मग निळी ज्योत आली, इंजिन एका लयीत चाललं, जातं फिरलं आणि ज्वारीचं गरम पीठ पांढरं पांढरं उतरलं. वस्ती गोळा झाली.

अण्णारावांनी पीठ चिमटीत घेतलं. "आता जमलं. वाळलेलं लाकूड घातलंस व्हय?"

विजयमाला ओट्यावर धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज क्षणभर थांबला.

"व्हय," बिभीषण म्हणाला.

सूप पुन्हा चालू झालं.

एके दिवशी गाळणीतला जुना भुसा टाकायला तो उकिरड्यावर गेला. तिथं राखेत आणि केरात एक तांबडा डाग दिसला. वाकून बघितलं. लोखंडाचा कीस होता, दवानं गंजून कुंकवासारखा झालेला. ग्राइंडरचा कीस. तो अंगणात पडला होता, आणि अंगण रोज सकाळी विजयमाला झाडते. म्हणजे येळवसेच्या आधीच तिच्या झाडूला तो लागला होता. इंजिनवाल्याची बायको ती, कीस कशाचा हे तिला न कळण्यासारखं नव्हतं. तो ओरडत होता तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. चार माणसांत ती म्हणू शकली असती, "गळा कुनी कापला ते सांगा की." तिनं बोटं पदरात घेतली होती.

बिभीषण उकिरड्यावर उकिडवा बसून राहिला. रिकामी पाटी हातातच होती. लाज माणसाला कुठून कुठून लागते! त्याला वाटलं होतं, लोक हसले ती लाज. मग वाटलं, आपण खोटं बोललो ती लाज. आता कळलं, आपलं खोटं जिनं झाडून उकिरड्यावर टाकलं, वर मुकाट ऐकूनही घेतलं, तिच्या हातची भाकरी आपण गिळतोय, ही खरी. त्या रात्री जेवताना तो तिला म्हणाला, "मालू, तू त्या दिशी बोलली का न्हाईस?"

"तुमी धूर वाचता," ती म्हणाली. "मला वाटलं, आज न उद्या वाचाल." आणि ताटात आमटी वाढली.

गिरणीची नवी रीत पडली होती. ज्यानं त्यानं दळणाबरोबर आपल्या घरचं वाळकं लाकूड पाटीभर आणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका डबे आणि पाट्या घेऊन जमल्या. यंत्र अजून पेटवलं नव्हतं. विजयमाला आपल्याच कामानं अंगणातून चालली होती, आणि कमलम्माची पाटी डोक्यावरून उतरेना म्हणून तिनं हात दिला.

"अगं अगं, तू नको हात लावू!" कमलम्मा पाटी मागं ओढत म्हणाली. "माझं लाकूड वलं करशील की!"

बायका फिदीफिदी हसल्या. अण्णारावही खुर्चीतून हसले. विजयमालानं हात मागं घेतला.

"कमलक्का," बिभीषण म्हणाला, "तिचं लाकूड वलं न्हवतं."

"आँ?"

"वाळलेलं व्हतं. मी मोडून बगितलं व्हतं. चूक माजी. गळा मी कापला व्हता."

अण्णारावांनी मांडीवर थाप मारली. "बघा गं! ह्याला म्हनायचं नवरा. बायकोची चूक सोत्ताच्या डोक्यावर घेतुय. आमच्या काळात आसले नवरे न्हवते."

"न्हाय तर काय," कमलम्मा म्हणाली. तिचे डोळे ओलावले होते. "नशीब काडलंस विजयमाला. दुसरा आसता तर घराबाहेर काडलं आसतं."

बिभीषण खोटं बोलला तेव्हा लोकांनी लगेच मानलं होतं. आता खरं बोलतोय तर त्याच खऱ्याचा हार करून त्याच्याच गळ्यात घालत होते. त्यानं विजयमालाकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

तो पत्र्याखाली गेला. पोत्याखालची जुनी चकती ओढून काढली. यंत्राचे बोल्ट सोडले, नवी चकती उतरवून ओट्यावर ठेवली आणि जुनी बसवली.

"काय करतुयास रं?" अण्णाराव उठले. "दळनं खोळंबल्यात."

"कमलक्का, तुमचं लाकूड द्या."

"माझं? माळ्यावरचं हाय, गेल्या उन्हाळ्याचं. खडखडीत."

"म्हनूनच पाहिजे."

त्यानं ते टाकीत ओतलं, पेटवलं, पंखा फिरवला. सगळे बघत होते. आधी काही नाही. मग नळीच्या तोंडातून धूर आला. पिवळा, जड, डोळ्यांत जाळ ओतणारा. पत्र्याखालून तो बायकांच्या अंगावर लोळत गेला, आणि सांध्यातून काळा चीक ओघळला. कमलम्मानं बोट लावून बघितलं आणि बोट लुगड्याला पुसायला गेली, मग तशीच थांबली.

आता तो ते वाक्य म्हणणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. तो म्हणाला नाही.

"त्या दिशी मला कळला व्हता ह्यो धूर," तो म्हणाला. "चुकून बोललो न्हाय मी. कळून बोललो. तुमी हसत व्हता, ते माज्यावरचं हसू हिच्यावर ढकललं."

अण्णारावांनी घसा साफ केला. काहीतरी विनोद त्यांच्या तोंडापर्यंत आला असावा, पण त्यांनी तो गिळला. "मग... दळनाचं?"

"आज न्हाय. गार झाल्याबिगर गळा उतरत न्हाय. सगळं खरवडावं लागंल."

बायकांनी डबे उचलले. मंद्रूपची वाट लांब होती आणि ऊन चढत होतं. एकदोघी पुटपुटल्याही, की नवराबायकोचं काय असंल ते घरात मिटवायचं, आमची भाकर कशाला अडवायची? त्यांचंही खरं होतं. कमलम्मा मागं रेंगाळली. रिकामी पाटी काखेत धरून विजयमालापाशी आली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"होगली बिडव्वा," ती म्हणाली. "जाऊ दे म्हनते मी. गंमत केली गं आमी."

विजयमालानं तिच्याकडं सरळ बघितलं. "तुमचं लाकूड चांगलं वाळलं व्हतं, कमलक्का."

कमलम्मा पदर तोंडाला लावून घाईघाईनं वाटेला लागली.

अंगणात दोघं राहिली, आणि मधे तो धूर. बिभीषणला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. रडेल, किंवा शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सूप घेऊन ओट्यावर बसली. ओट्यावर नवी चकती पडली होती, तिनं ती हातानं जरा बाजूला सारली, जागा करायला.

त्याला तिथं उभं राहवेना. त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली. मग थांबून, तिच्या पाठीमागून, तिचा कोयताही उचलला. तुकडे करायचं ते काम आता आपलंच, असं सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं; पण एवढं बोलायचंही तोंड आपल्याला राहिलं नाही, असं वाटून तो नुसताच ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. तुरीच्या रानातून, खाली मान घालून, बाभळींकडं. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

चिंचेखाली अण्णाराव आपली खुर्ची उचलून थांबले होते, ते बघत राहिले. आणि ओट्यावर विजयमाला. तिच्या मांडीवरचं सूप कधीचं थांबलं होतं. पिवळ्या धुरातून तो दिसेनासा झाला तशी ती उठून उभी राहिली, डोळ्यांवर आडवा हात धरला, आणि तुरीचे शेंडे हलायचे थांबेपर्यंत बघत राहिली.